सहा व्होल्टांच्या जीपवर किती लोड?

तळोद्याहून धडगावकडे चढणाऱ्या चांदसैली घाटात रात्री जुनी विलिस जीप न्यायची, तर पहिली काळजी तिच्या पिवळट हेडलाइटची. म्हणून हौशी मालक हॅलोजन लावतो, फॉगलॅम्प लावतो, मोठा हॉर्न आणि मोबाइलचा चार्जर जोडतो. पुढे बॅटरी वारंवार उतरू लागली की नवी आणतो. तीही उतरते.

दुसऱ्या महायुद्धातली विलिस सहा व्होल्टांची. १९४७ मध्ये महिंद्रने मुंबईत जीप जुळवायला घेतली, तेव्हा बहुतेक अमेरिकी मोटारीही सहाच्याच होत्या. १९५०च्या दशकात त्या बारावर गेल्या.

वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. ५५ वॅटचे दोन दिवे बारा व्होल्टांवर सुमारे ९ अँपिअर घेतात, सहावर १८. तेवढेच फॉगलॅम्प जोडले की ३६. युद्धकाळातल्या विलिसचा डायनॅमो ४० अँपिअरचा, तोही इंजिन जोरात फिरत असताना. गाडी थांबून इंजिन मंद चालले की डायनॅमोला बॅटरीशी जोडणारा कटआउट सुटतो आणि सगळा लोड बॅटरीवर येतो.

शहाद्याच्या शेतकऱ्याला हे पटकन कळेल. व्होल्टेज पडले की विहिरीवरची मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. जीपमध्येही करंट दुप्पट झाला की त्याच वायरीत उष्णता चौपट होते. त्यात जुना स्विच, गंजलेले अर्थिंग, सैल टर्मिनल. वाटेत अर्धा व्होल्ट गेला, तर बाराच्या गाडीत तो चार टक्के, सहाच्या गाडीत आठ. फिलामेंटच्या बल्बचा उजेड त्या आठ टक्क्यांत जवळपास पाव भागाने घटतो. म्हणून नवा बल्ब आणण्याआधी बॉडी खरवडून अर्थिंग नीट करावे, बॅटरीपासून जाड वायर ओढावी, फ्यूज बॅटरीजवळ ठेवावा आणि हेडलाइट रिलेवर घ्यावेत. एवढ्यानेच उजेड वाढतो, गाडीचे मूळ रूपही टिकते. मला हाच मार्ग सर्वांत योग्य वाटतो.

त्यानंतर सहा व्होल्टांचे एलईडी. मागचे आणि इंडिकेटरचे दिवे बदलले तर बराच करंट वाचतो. मात्र लोड इतका कमी झाला की जुना फ्लॅशर लुकलुकत नाही, तोही बदलावा लागतो. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॉडीला प्लस असतो. तिथे एलईडी, रेडिओ, चार्जर जोडण्याआधी ध्रुव तपासलेच पाहिजेत.

बारा व्होल्टांचे उपकरण चालवायला बूस्टर मिळतो. पण बाहेर ५ अँपिअर हवे असतील, तर तो सहाच्या बॅटरीतून १० पेक्षा जास्त खेचतो. रेडिओसाठी ठीक, फॉगलॅम्पसाठी नाही. मोबाइलचा चार्जरही कमी व्होल्टेज झेलणारा घ्यावा, कारण सेल्फ मारताना सहाचे पाचाखाली जातात. संपूर्ण गाडी बारावर न्यायची, तर डायनॅमो, रेग्युलेटर, कॉइल, हॉर्न आणि सगळे बल्ब बदलावे लागतात, मीटरचीही सोय पाहावी लागते. सहाचा सेल्फ थोडा वेळ बारा सोसतो, म्हणून तो सेकंदभरच मारायचा.