दोन मिनिटांचा विमानप्रवास

स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी बेटे आहेत. त्यांतल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांवरील छोट्या विमानतळांमधले अंतर अवघे २.७ किलोमीटर! आपल्याकडे पोरे एवढे शाळेला चालत जातात. पण तिथे मध्ये समुद्र आहे ना! म्हणून १९६७ पासून विमान चालते. शिक्षक आणि डॉक्टरही त्यातून ये-जा करतात. सर्वांत जलद उड्डाण ५३ सेकंदांचे. गुरुजी, मुलांकडून भागाकार करवून घ्या. वेग ताशी सुमारे १८३ किलोमीटर येईल. वेळापत्रकात मात्र दोन मिनिटे धरतात, कारण धावपट्टीवर फिरण्यातही वेळ जातो, शिवाय वारा समोरून आला की वेग घटतो. तेव्हा प्रवासाचा वेळ सांगताना नुसते अंतर मोजून भागत नाही; मधली वाटही पाहावी लागते. पावसाळ्यात ओढ्यापलीकडच्या वस्तीतील मुलांना हे सांगायला नकोच!