संत्र्याची वाइन आणि आयात मालाचे वर्गीकरण

कळमेश्वर तालुक्यातील संत्रा बागायतदारास आंबिया व मृग या दोन्ही बहरांत एकच अडचण भेडसावते. लहान व डागाळलेल्या फळास बाजारात भाव मिळत नाही. अशा फळाचा रस काढून तो आंबवावा आणि वाइन करावी, हा विचार मग पुढे येतो. त्यासाठी काही यंत्रे व बुचे परदेशातून मागवावयाची झाल्यास सीमाशुल्काचा प्रश्न उभा राहतो. मागणी नोंदविण्यापूर्वीच हा प्रश्न समजून घेणे इष्ट होय.

आयात होणाऱ्या प्रत्येक वस्तूस एक क्रमांक असतो. त्याचे पहिले सहा अंक जगातील बहुतेक देशांत समान असतात. ही पद्धती १ जानेवारी १९८८ पासून आंतरराष्ट्रीय करारान्वये अमलात आली. भारतात सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ याच्या अनुसूचीत तिच्या आधारे आठ अंकी क्रमांक दिलेले आहेत. तिचा पहिला नियम असा की, वर्गीकरण शीर्षकाच्या शब्दांवरून व प्रकरणाच्या टिपांवरून करावे. व्यापारी नाव पाहून ते करावयाचे नसते.

याचे उत्तम उदाहरण संत्र्याच्या वाइनचेच आहे. युरोपात ‘ऑरेंज वाइन’ म्हणून विकली जाणारी वाइन पांढऱ्या द्राक्षांची असते. द्राक्षांच्या साली रसात राहू दिल्याने तिला नारिंगी रंग येतो. ताज्या द्राक्षांची वाइन म्हणून तिचे शीर्षक २२०४ होय. खऱ्या संत्र्याचा रस आंबवून केलेली वाइन मात्र २२०६ या शीर्षकाखाली, म्हणजे इतर आंबविलेल्या पेयांत येते. न आंबविलेला रस २००९ मध्ये जातो. नाव एक असले तरी क्रमांक निरनिराळे पडतात.

द्राक्षाच्या वाइनमध्येही पोटभेद आहेत. फसफसणारी वाइन २२०४ १० मध्ये येते. इतर वाइन दोन लिटर किंवा त्याहून लहान भांड्यात असल्यास २२०४ २१, दोन लिटरांहून मोठ्या परंतु दहा लिटरांपर्यंतच्या भांड्यात असल्यास २२०४ २२ हा क्रमांक लागतो. वनस्पती अथवा सुगंधी द्रव्ये मिसळलेली द्राक्षाची वाइन २२०५ मध्ये मोडते.

साहित्याचे क्रमांक याहून वेगळे आहेत. वाइन व फळरस यांसाठी वापरावयाची दाबयंत्रे व चुरडयंत्रे ८४३५ मध्ये, पेय गाळण्याची यंत्रे ८४२१ मध्ये व बाटल्या भरण्याची यंत्रे ८४२२ मध्ये येतात. लाकडी पिंपे ४४१६ मध्ये, तर काचेच्या बाटल्या ७०१० मध्ये आहेत. बुचांचा क्रमांक ती कशाची आहेत यावर ठरतो. नैसर्गिक बुचाच्या लाकडाची ४५०३, त्याचा चुरा दाबून केलेली ४५०४, प्लॅस्टिकची ३९२३ आणि धातूची ८३०९.

या भेदांचे महत्त्व दरात आहे. २०२१ च्या अर्थसंकल्पात वाइनवर ५० टक्के मूळ सीमाशुल्क व १०० टक्के कृषि पायाभूत सुविधा व विकास उपकर ठेवण्यात आला. म्हणजे १०० रुपयांच्या मालावर १५० रुपयांचा भार पडला. यंत्रांवरील दर याच्या मानाने पुष्कळच कमी असतात. क्रमांक चुकला तर फरकाची रक्कम व्याजासह भरावी लागते, आणि प्रसंगी दंडही होतो.

यासाठी मागणीपूर्वी विक्रेत्याकडून वस्तूचा कच्चा माल, उपयोग, आकारमान व पेय असल्यास मद्यार्काचे प्रमाण लेखी घ्यावे. शंका उरल्यास सीमाशुल्क अधिनियम, १९६२ मधील तरतुदीनुसार अग्रिम निर्णयासाठी अर्ज करता येतो. वाइन तयार करण्यास राज्य उत्पादन शुल्क विभागाची अनुज्ञप्ती वेगळी लागते, हेही ध्यानात ठेवावे. यंत्र बंदरात अडकले आणि फळांचा हंगाम निघून गेला, तर डागी संत्र्याचे नुकसान टळत नाही. आधी क्रमांक निश्चित करावा, मगच मागणी नोंदवावी.