सर्व्हर बंद करताना

येलदरीला पूर्णा नदीवर धरण आहे. त्याचे दरवाजे उघडण्याआधी नदीकाठच्या गावांना सूचना देतात. मोठा संगणक बंद करतानाही आधी सूचना द्यावी लागते.

मुलांनो, दहावीचा निकाल आता इंटरनेटवर पाहता येतो. त्या दिवशी हजारो मुले एकाच वेळी निकाल मागतात. ही मागणी पुरवतो तो सर्व्हर. ‘अपाची’ हा असाच एक सर्व्हर प्रोग्रॅम १९९५ साली आला. त्यात एक पालक प्रक्रिया असते. ती अनेक बाल प्रक्रिया निर्माण करते. निकाल दाखवण्यासारखे काम मुले करतात. पालक लक्ष ठेवतो.

आता समजा, दुरुस्तीसाठी सर्व्हर थांबवायचा आहे. मुलाला मध्येच थांबवले, तर कुणाच्या तरी हाती निकालाचे अर्धेच पान येईल. म्हणून अपाचीला ‘ग्रेसफुल स्टॉप’ ही आज्ञा देतात. मग पालक नवी मागणी घेत नाही, पण मुलांना हातातले काम पुरे करू देतो. थांबलेल्या प्रत्येक मुलाची नोंदही पालकानेच घ्यायची. ती राहिली, तर काम संपलेल्या मुलाचे नाव यादीत तसेच राहते. त्याला ‘झोंबी’, म्हणजे चालते प्रेत, म्हणतात. नाव गमतीचे आहे, पण यादी भरली तर नवी प्रक्रिया सुरूच होत नाही.

काही जण घाई करतात. युनिक्स जातीच्या संगणकात ९ क्रमांकाचा इशारा असतो. तो कोणतीही साधी प्रक्रिया टाळू शकत नाही. पालक जागीच संपतो. मुलांना काही सांगायला त्याला वेळच मिळत नाही. मुले अनाथ होतात. बहुधा १ क्रमांकाची प्रक्रिया त्यांना सांभाळून घेते, पण थांबवत नाही. मग नवा सर्व्हर सुरू करायला जावे, तर जुनी मुले दार अडवून बसलेली असतात. त्यांचे क्रमांक शोधून एकेकाला थांबवावे लागते.