कंट्रोल ऑफिसचा तक्ता

भुसावळ हे जळगाव जिल्ह्यातले मोठे जंक्शन आणि मध्य रेल्वेच्या एका विभागाचे मुख्यालय. इगतपुरी सोडल्यावर बडनेऱ्यापर्यंतचा मुख्य मार्ग, भुसावळहून खंडव्याकडे जाणारा मार्ग आणि चाळीसगाव ते धुळे ही छोटी शाखा या विभागात येते. जळगावला पश्चिम रेल्वेची सुरतकडची लाइन येऊन मिळते. या रुळांवरून मेल-एक्स्प्रेस, मेमू आणि मालगाड्या रात्रंदिवस धावतात. कोणती गाडी आधी काढायची आणि कोणती लूप लाइनवर उभी करायची, याचा निर्णय विभागाच्या कंट्रोल ऑफिसात होतो. हे काम एकट्याचे नाही. सेक्शन कंट्रोलर आपल्या टापूतल्या गाड्या चालवतो, पॉवर कंट्रोलर इंजिने आणि लोको पायलट यांची सोय पाहतो, ओव्हरहेड तारांतल्या विजेसाठी वेगळा कंट्रोलर असतो, रूळदुरुस्तीसाठी ब्लॉक हवा असेल तर इंजिनिअरिंग खात्याची मागणी असते. शिवाय प्रत्येक स्टेशनवर स्टेशन मास्तर असतोच.

अशा अनेकांच्या कामात संगणकाने हातभार कसा लावावा, हा संगणकशास्त्राचा एक स्वतंत्र विषय आहे. आयरीन ग्राइफ आणि पॉल कॅशमन यांनी १९८४ मध्ये अमेरिकेत या विषयावर तज्ज्ञांना एकत्र आणले, तेव्हा त्याला नाव मिळाले. कल्पना मात्र त्याआधीची. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या सभागृहात बसून मेन्लो पार्कमधल्या सहकाऱ्याबरोबर एकाच पडद्यावरच्या मजकुरावर काम करून दाखवले होते. दोघांमधले अंतर साधारण भुसावळहून जळगावला जाऊन परत येण्याइतके. त्या काळी बहुतेकांच्या लेखी संगणक म्हणजे आकडेमोडीचे यंत्र होते.

सहकार्याची साधने संगणकापूर्वीही होती, आणि रेल्वेचा कंट्रोल चार्ट हे त्यांतले एक उत्तम साधन. मोठ्या कागदावर आडव्या दिशेने वेळ मांडलेली, उभ्या दिशेने स्टेशने: चाळीसगाव, पाचोरा, म्हसावद, जळगाव, भादली, भुसावळ. गाडी एखाद्या स्टेशनवरून गेली की स्टेशन मास्तर फोनवर वेळ कळवी आणि कंट्रोलर पेन्सिलीने ठिपका देऊन रेघ पुढे ओढी. रेघ चढी असेल तर गाडी वेगात, आडवी पडली तर उभी. गाड्यांच्या प्रकारांप्रमाणे रेघांचे रंग वेगळे. मागून येणाऱ्या मेलची रेघ मालगाडीच्या रेघेला कुठे गाठणार, हे नजरेनेच कळे आणि मालगाडीला कोणत्या स्टेशनवर लूपला घ्यायचे ते ठरे. पाळी बदलली की नवा कंट्रोलर तोच कागद पुढे चालवी. मागच्या आठ तासांत काय बिनसले, ते त्याला कोणी फारसे सांगावे लागत नसे.

फोनचीही एक खासियत होती. कंट्रोलची लाइन एकच, तिच्यावर टापूतली सगळी स्टेशने. जळगावचा मास्तर काय कळवतो आहे ते पाचोऱ्याच्या मास्तराला ऐकू येई, आणि आपल्याकडे पुढे काय येणार याचा अंदाज तो आधीच बांधी.

या कानावर पडण्याला किती मोल आहे, ते क्रिश्चन हीथ आणि पॉल लफ यांनी लंडनच्या भुयारी रेल्वेत दाखवले. बेकरलू मार्गाच्या कंट्रोलरूममधल्या कामाचे चित्रण बारकाईने तपासून त्यांनी १९९२ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे गाड्यांची व्यवस्था पाहणारा कंट्रोलर आणि प्रवाशांना सूचना देणारा सहायक शेजारी शेजारी बसत. कंट्रोलर चालकाशी बोलत असे तेव्हा सहायक आपले काम करता करता ते ऐके, आणि कोणी काही सांगण्याआधीच योग्य फलाटावर घोषणा करी. कंट्रोलरही शेजाऱ्याला समजावे अशा बेताने मोठ्याने बोले. नियमपुस्तिकेत यातले काही लिहिलेले नव्हते. कामाची निम्मी वीण अशा न सांगितलेल्या देवाणघेवाणीत असते, आणि नवी यंत्रणा आखणाऱ्याच्या नजरेतून हीच गोष्ट सर्वांत आधी सुटते.

भारतीय रेल्वेत कागदी तक्त्याची जागा आता ‘कंट्रोल ऑफिस ॲप्लिकेशन’ या प्रणालीने घेतली आहे. रेल्वेची स्वतःची संस्था ‘क्रिस’ (स्थापना १९८६) हिने ती बनवली. तक्ता पडद्यावर आला, पण त्याची मांडणी तीच राहिली, हे फार शहाणपणाचे झाले. पेन्सिलीच्या रेघा वाचणाऱ्या डोळ्यांना नवे काही शिकावे लागले नाही. फायदा मोठा झाला: कागद एकाच टेबलावर असे, पडदा अनेक ठिकाणी दिसतो, आणि विभागाची हद्द ओलांडणाऱ्या गाडीची माहिती शेजारच्या विभागाला आधी मिळते.

आरक्षणाचे काम वेगळ्या जातीचे. पूर्वी परतीच्या प्रवासाचे आरक्षण हवे असल्यास दुसऱ्या स्टेशनला तार करावी लागे. संगणकीय आरक्षण १९८५ मध्ये दिल्लीत सुरू झाले, आणि दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाच केंद्रे १९९९ पर्यंत एकमेकांना जोडली गेली. धुळ्याची खिडकी आणि दादरची खिडकी एकाच क्षणी एकच बर्थ मागू शकतात, म्हणून एकाचा व्यवहार चालू असताना तो बर्थ बाकी सर्वांसाठी क्षणभर बंद ठेवला जातो. दादरला कोण बसले आहे, हे धुळ्याच्या कारकुनाला कळण्याची काही गरज नसते. इथे यंत्र माणसांना एकमेकांपासून लपवते, आणि तेच बरोबर आहे. कंट्रोलरूममध्ये उलट एकाचे काम दुसऱ्याला दिसलेच पाहिजे. ‘सहकार्य’ हा शब्द दोन्हीकडे एकच असला तरी यंत्राकडून अपेक्षा अगदी निरनिराळी असते.

गटासाठी केलेल्या प्रणाली पुष्कळदा फसतात. त्याचे एक कारण जोनाथन ग्रुडिन यांनी १९८८ मध्ये सांगितले: राबणारा एक आणि लाभ होणारा दुसरा. कार्यालयाची सामाईक दिनदर्शिका हे त्यांचे उदाहरण. प्रत्येकाने आपल्या नोंदी रोज भरायच्या, उपयोग मात्र बैठका बोलावणाऱ्या साहेबांना. मग नोंदी हळूहळू बंद पडतात आणि दोष कर्मचाऱ्यांच्या माथी मारला जातो. हा दोष माणसांचा नाही, आखणीचा आहे. पडद्यावरच्या कंट्रोल चार्टमध्ये ही अडचण सुटते. गाडीची वेळ कंट्रोलरला स्वतःच्या कामासाठी लागते, आणि त्याच नोंदीतून प्रवाशांच्या चौकशी प्रणालीला माहिती मिळते. मुख्य मार्गाची गाडी किती उशिरा आहे, ते चाळीसगावला उतरून धुळ्याची गाडी धरणाऱ्या माणसाला मोबाइलवर दिसते, आणि त्यासाठी कोणाला वेगळी नोंद करावी लागत नाही.

आता ही नोंदसुद्धा आपोआप होऊ लागली आहे. ‘क्रिस’ आणि इस्रो यांनी मिळून केलेल्या यंत्रणेत इंजिनावर उपग्रहाशी जोडलेले उपकरण बसवतात. दर तीस सेकंदांनी गाडीचा ठावठिकाणा मिळतो आणि पडद्यावरची रेघ माणसाच्या हाताशिवाय सरकते. कंट्रोलरचा वेळ वाचतो, आणि तो वेळ निर्णयासाठी फार मोलाचा आहे. पण वेळा कळवायचे फोन कमी झाले की शेजारच्या मास्तरांच्या कानावर पडणारेही कमी होते; ते त्यांना पडद्यावर मिळायला हवे. विमानवाहतूक नियंत्रकांच्या कागदी पट्ट्यांचा अभ्यास करणाऱ्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांना असेच आढळले होते: पट्टी हाताने सरकवली की नियंत्रकाचे त्या विमानाकडे लक्ष जाते आणि सहकाऱ्यांनाही ते दिसते. शिरसोलीजवळ गाडी उभी आहे एवढे उपग्रह सांगतो. साखळी ओढली गेली की रुळावर गुरे आली, हे अजून फोनवरच विचारावे लागते.