भिंगातली धूळ, भिंगातली बुरशी

नवी मुंबईला एकीकडे ठाण्याची खाडी, दुसरीकडे पारसिकचे डोंगर. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास असते. बंद कपाटातल्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या भिंगावर बुरशी धरायला ६०-६५ टक्केही पुरतात.

दसऱ्याला कॅमेरा पूजेत मांडण्याआधी मी भिंगात तिरका टॉर्च मारून पाहतो. सुटे ठिपके म्हणजे धूळ. झूम मागेपुढे होताना हवा आत ओढली जाते, तिच्याबरोबर ती येते. चार कण चित्रात सहसा उमटत नाहीत; त्यांच्यासाठी भिंग उघडू नये. कोळिष्टकासारखे धागे दिसले, तर ती बुरशी. तिच्यातून पाझरणारे आम्ल काचेवरचा लेप खाते. वेळेवर पुसली तर काच वाचते. उशीर झाला, तर बुरशी जाते, ओरखडे राहतात.

हे काम जाणत्या कारागिरानेच करावे. आतली भिंगे पुसणे सोपे, पुन्हा अचूक मध्यावर बसवणे अवघड. केसभर चुकले, तरी चित्राची एक बाजू पुसट येते.

मग कॅमेरा चामड्याच्या पिशवीत न ठेवता सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावा. आतली आर्द्रता ४०-५० टक्के राहिली, की पुरे.