बीडची हद्द सरकते तेव्हा
17 सप्टेंबर 2025 रोजी अहिल्यानगरहून रेल्वे बीडपर्यंत आली. स्टेशन आले की आसपासच्या शेतांकडे लोक प्लॉट म्हणून पाहू लागतात.

पण गाव शहराच्या हद्दीत येणे आणि शेतात घरे बांधता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हद्दवाढ 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाने होते: शासन उद्घोषणा काढते, हरकती मागवते, मग हद्द बदलते. कुठल्या जमिनीवर काय उभे राहील, हे मात्र 1966 च्या नगररचना अधिनियमाखालचा विकास आराखडा ठरवतो. हद्द वाढली आणि आराखडा रखडला, तर मधल्या काळात गुंठेवारी, म्हणजे मंजुरीविना गुंठ्यागुंठ्याने प्लॉट पाडून विकणे, फोफावते. अरुंद बोळ, ना नाली, ना मैदान. नंतर रस्ता रुंद करायचा तर लोकांची घरेच पाडावी लागतात.

बीडमध्ये तर सर्वांत आधी नदी पाहायला हवी. जुलै 1989 मध्ये बिंदुसरेच्या पुराने शहरात हाहाकार माजवला होता. नकाशावर पूररेषा दोन असतात: सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत नवे घर नको, हे फक्त सातबारा पाहून कळत नाही. खरेदीखतापूर्वी झोन दाखला आणि भाग नकाशा मागावा. पूररेषा जलसंपदा विभागाच्या नकाशावर तपासावी.