इंग्रजीतील काही नवलाचे शब्द व त्यांची कुळकथा

महाराष्ट्रात इ. स. २००० पासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकविले जाऊ लागले. त्यामुळे ‘गुरुजी, या शब्दाचा असा अर्थ का?’ हा प्रश्न आता लहान खेड्यातील वर्गातही विचारला जातो. प्रश्न उत्तम आहे. उत्तर देताना मात्र शिक्षकास जपावे लागते. कारण मुलाच्या लेखी गुरुजींचे वाक्य हाच कोश असतो.

आरंभ घरच्या शब्दापासून करावा. शेताच्या धुऱ्यावरून पळणारे मुंगूस आपल्या जिल्ह्यातील मुलांच्या परिचयाचे असते. इंग्रजीतील ‘मंगूस’ हा शब्द मूळचा मराठीच असून, सतराव्या शतकाच्या अखेरीस तो तिकडे रूढ होऊ लागला. (तेलुगू व कन्नड भाषांतही त्याची भावंडे आहेत, हे येथे नमूद करणे न्याय्य होय.) ही माहिती केवळ अभिमानाची नव्हे, उपयोगाचीही आहे. इंग्रजीत ‘गूस’ म्हणजे बदकाच्या जातीचा एक पक्षी. त्याचे अनेकवचन ‘गीस’ होते. त्यावरून विद्यार्थी ‘मंगूस’चे अनेकवचन ‘मंगीस’ असे करतो. परंतु मुंगसाचा त्या पक्ष्याशी काडीचाही संबंध नाही, हे कळले की ‘मंगूसेस’ हे रूप पाठ करण्याची गरजच उरत नाही.

कापूस पिकविणाऱ्या मुलुखातील मुलांना ‘डंगरी’ हा शब्दही आवडेल. कामगार अंगावर चढवितात त्या जाड्याभरड्या पोशाखाचे हे नाव. मुंबईच्या डोंगरी भागाशी निगडित असलेल्या जाड सुती कापडास ‘डुंगरी’ म्हणत. पुढे कापडाचे नाव पोशाखास मिळाले.

‘डुलॅली’ची कथा याहून विलक्षण आहे. एखाद्याचे डोके ठिकाणावर नाही असे सांगावयाचे असता इंग्रज ‘तो डुलॅली झाला’ असे म्हणतो. हे डुलॅली म्हणजे नाशिकजवळील देवळाली. तेथे इ. स. १८६१ पासून इंग्रजी फौजेची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथे राहत. जहाजे वर्षातील ठरावीक महिन्यांतच सुटत. तोवर काम नाही, करमणूक नाही, वर ऊन आणि हिवताप. कित्येक शिपाई विक्षिप्तासारखे वागू लागत. त्या अवस्थेस ते ‘डुलॅली टॅप’ म्हणत. हा ‘टॅप’ म्हणजे नळाची तोटी नव्हे, आपला ताप! गावाचे नाव व तापाचे नाव, दोन्ही येथलीच. वाक्प्रचार मात्र इंग्रजी झाला.

अशा शब्दांचा मोठा संग्रह हेन्री यूल व ए. सी. बर्नेल यांनी इ. स. १८८६ मध्ये ‘हॉब्सन-जॉब्सन’ या नावाने प्रसिद्ध केला. हे नावही मोहरममधील ‘या हसन! या हुसेन!’ या पुकाऱ्याचा गोऱ्या शिपायांनी केलेला अपभ्रंश होय.

आता दुसरी बाजू. काही व्युत्पत्ती इतक्या सुबक असतात की तेवढ्यावरूनच त्यांचा संशय यावा. ‘न्यूज’ हा शब्द उत्तर, पूर्व, पश्चिम व दक्षिण या दिशांच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून बनला, असे अनेक वर्गांत सांगितले जाते. ते खरे नाही. ‘न्यू’ म्हणजे नवे, त्याचेच हे रूप. नव्या गोष्टी ती ‘न्यूज’. ‘पॉश’ची कथाही अशीच. हिंदुस्थानास येताना बोटीची डावी व परतताना उजवी बाजू सावलीची. श्रीमंत उतारू त्याच खोल्या घेत व त्यांच्या तिकिटांवर त्या अर्थाची चार आद्याक्षरे छापलेली असत, असे म्हणतात. असे एकही तिकीट आजवर आढळलेले नाही. कोशकार ‘पॉश’चे मूळ अनिश्चित मानतात, आणि शिक्षकानेही तेवढेच सांगावे.

मुसळधार पावसास इंग्रज ‘मांजरे व कुत्री पडत आहेत’ असे म्हणतो. जोनाथन स्विफ्टने इ. स. १७३८ मध्ये तो वाक्प्रचार वापरलेला आहे. त्याचे मूळ मात्र अज्ञात आहे. पूर्वी गवताच्या छपरावर निजलेली जनावरे पावसात घसरून खाली पडत, हा खुलासा अलीकडे फार पसरला आहे. गवताने शाकारलेल्या घरात जो राहिला आहे, त्यास यावर हसूच येईल. आमचे कुत्रे पाऊस आला की छपरावर नव्हे, ओसरीत शिरते. विद्यार्थ्यांस विचारावे, ‘मुसळधार’ म्हणताना आकाशातून मुसळे पडतात काय? मुले हसतात, आणि वाक्प्रचाराचे शब्दशः भाषांतर का करू नये हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. पाचवीच्या पुढील वर्गांत फळ्याच्या एका कोपऱ्यात आठवड्याला असा एकच शब्द लिहावा, आणि त्याच्या कुळकथेखाली ‘निश्चित’ किंवा ‘अनिश्चित’ अशी नोंद विद्यार्थ्यांकडूनच कोश पाहून करवून घ्यावी.